पँटोनची शाई आणि स्क्रीनचा कोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेसमध्ये येणाऱ्या जवळपास प्रत्येकाची हल्ली दोन कामं असतात, एक कागदावरचं आणि एक स्क्रीनवरचं. लेटरहेड, बॉक्स, कॅरीबॅग आमच्याकडे छापायला येतात आणि त्याच लोगोची वेबसाइट, व्हॉट्सअॅपचा डीपी, इन्स्टाग्रामची पोस्ट दुसरीकडे कुणीतरी बनवत असतं. मग फोन येतो, "दादा, आमच्या शेडचा कोड सांगा ना." मी प्रीप्रेसमध्ये काम करतो, म्हणजे प्लेट निघण्याआधीची फाइल माझ्या हातून जाते. फोनवर पाच मिनिटांत जे सांगून होत नाही, ते इथं सविस्तर लिहिलं आहे.

कोड लिहिताना सगळीकडे आधी लाल, मग हिरवा, शेवटी निळा असे तीन आकडे दिले आहेत, यालाच आरजीबी म्हणतात. उदाहरणार्थ, २००-१६-४६.

आमच्या लोगोची शेड पँटोन १८६ सी आहे. वेबसाइटसाठी कोड काय टाकू?

२००-१६-४६. पँटोननं, म्हणजे शाईच्या शेडना नंबर देणाऱ्या कंपनीनं, स्वतः १८६ सी साठी दिलेला आकडा हाच आहे. ब्रिटनच्या झेंड्यातल्या लालसाठी हीच शेड धरतात, त्यामुळे हा कोड नेटवर ठिकठिकाणी दिसेल.

पण तो टाकण्याआधी एक काम करा. संस्थेत जुनं ब्रँड मॅन्युअल, लोगोची मूळ सीडी किंवा आधीच्या डिझायनरचा मेल आहे का ते शोधा. त्यात स्क्रीनचा कोड आधीच ठरवलेला असेल, तर तोच वापरा, मग तो या आकड्यापेक्षा थोडा वेगळा का असेना. शाईवरून कोड काढताना कुणीतरी कधीतरी निवड केलेली असते. ती एकदा झाली की सगळीकडे तीच चालू राहिली पाहिजे. दर दोन वर्षांनी नवा माणूस नव्या तक्त्यावरून नवा कोड काढतो आणि दहा वर्षांत एकाच संस्थेचे पाच लाल तयार होतात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की पहिल्याच उत्तरात सांगावंसं वाटलं.

पँटोन ही शाईची कंपनी आहे का?

मुळात ती रंगाची भाषा ठरवून देणारी कंपनी आहे. पूर्वी प्रत्येक शाईवाल्याचा लाल वेगळा आणि त्याचं नावही वेगळं. मुंबईत छापलेलं खोकं आणि दिल्लीत छापलेलं खोकं शेजारी ठेवलं की फरक उघडा पडायचा. अमेरिकेत न्यू जर्सीच्या पँटोन कंपनीत लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ मध्ये यावर पद्धत काढली. मोजक्या मूळ शाया घ्यायच्या, त्या ठरलेल्या वजनी प्रमाणात मिसळायच्या आणि प्रत्येक मिश्रणाला एक नंबर द्यायचा. शेडबुकात, म्हणजे छापलेल्या रंगपट्ट्यांच्या पुस्तकात, प्रत्येक पट्टीखाली ते प्रमाण छापलेलं असतं. शाई बनवणाऱ्या कंपन्या परवाना घेऊन त्या मूळ शाया बनवतात आणि प्रेसमधला माणूस वजनकाट्यावर शेड तयार करतो.

म्हणजे १८६ हा नंबर एका पाककृतीचा आहे. त्यात स्क्रीनचा विचार कुठंच नव्हता, तो फार पुढं आला. इतर देशांच्या अशाच पद्धती आहेत. जर्मन ग्राहकाच्या फाइलवर एचकेएस लिहिलेलं असतं, जपानी ग्राहकाच्या फाइलवर डीआयसी किंवा टोयो. या पानावरची तत्त्वं त्यांनाही लागू पडतात.

मग शाईचा रंग स्क्रीनवर जसाच्या तसा का येत नाही? आकडाच तर आहे.

या प्रश्नासाठी थोडा वेळ काढा. बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीतला प्रकाश शाईच्या पातळ थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. जाता-येता शाई त्यातला काही भाग गिळते. जे उरतं ते आपल्या डोळ्यात शिरतं आणि आपण त्याला लाल म्हणतो. स्क्रीन मात्र लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे कमीजास्त पेटवून रंग उभा करते. एक पद्धत प्रकाश कमी करत जाते, दुसरी वाढवत जाते.

यातून तीन अडचणी येतात. पहिली उजेडाची. घरातली आई साडी घेताना ती दुकानाच्या दारात आणून उन्हात बघते, तेच कारण इथं आहे. ट्यूबलाइटखाली दोन शेड सारख्या दिसतात आणि खिडकीपाशी वेगळ्या. म्हणून छपाईत रंग तपासायला डी ५० नावाचा प्रमाणित उजेड धरतात, तो साधारण ५००० केल्विनचा असतो. स्क्रीनच्या मानकात मात्र पांढरा म्हणजे डी ६५, साधारण ६५०० केल्विनचा, जास्त निळसर. दोन्हीकडचा पांढराच वेगळा असेल तर पुढचं सगळं जुळवून घ्यावं लागतं.

दुसरी अडचण आवाक्याची. वेबचा रंग एसआरजीबी नावाच्या चौकटीत बसतो. ती १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडली आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्या काळच्या काचेच्या जाड मॉनिटरला जेवढे रंग दाखवता येत होते, तेवढ्यावरच ती बेतलेली आहे. तिच्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक कोड आहेत, म्हणून लोकांना वाटतं की सगळेच रंग आले असतील. पण ती संख्या म्हणजे एका कुंपणाच्या आत केलेले बारीक तुकडे आहेत. काही शाया त्या कुंपणाच्या बाहेर उभ्या असतात आणि तुकडे कितीही बारीक केले तरी त्या आत येत नाहीत. उलट बाजूनं, स्क्रीनचा भडक हिरवा आणि विजेसारखा निळा साध्या शाईच्या आवाक्याबाहेर राहतो.

तिसरी अडचण कागदाची. तिच्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

नंबरापुढचा सी आणि यू म्हणजे काय? आमच्याकडे नुसता नंबर आहे.

सी म्हणजे कोटेड, म्हणजे आर्ट पेपरसारखा गुळगुळीत, चकचकीत कागद. यू म्हणजे अनकोटेड, आपला मॅपलिथो. दोन्हींसाठी शाईची पाककृती तीच असते. फक्त कागद बदलतो, आणि त्यानं रंग केवढा बदलतो हे शेडबुकात शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पटत नाही. मॅपलिथो शाई पिऊन टाकतो. थर वर राहत नाही, रंग मंद आणि धुरकट होतो. रिफ्लेक्स ब्लू दोन्ही पुस्तकांत उघडून बघा. एकीकडे गडद, खोल निळा आणि दुसरीकडे जांभळटपणाकडे झुकणारा फिका निळा.

म्हणून सी आणि यू यांचे स्क्रीन कोडही वेगवेगळे असतात. नुसता नंबर हातात असेल, तर स्क्रीनसाठी सी चा कोड धरा. स्क्रीन स्वतः चकचकीत आहे आणि लोकांच्या डोळ्यासमोरचा "खरा" रंग बहुतेक वेळा बॉक्सवरचा किंवा ब्रोशरवरचाच असतो. अपवाद एकच. तुमची सगळी ओळखच खडबडीत कागदावर असेल, समजा हातकागदावरच्या डायऱ्या विकत असाल, तर यू वरून कोड काढलेला जास्त प्रामाणिक ठरेल.

एकाच शेडचे नेटवर दोन-तीन कोड सापडतात. त्यातला खरा कोणता?

१८६ चंच बघा. जुन्या तक्त्यांत आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये २०६-१७-३८ सापडतो, पँटोनच्या आजच्या यादीत २००-१६-४६ आहे. दोन्ही कुणी मनानं लिहिलेले नाहीत. कागद कोणता, उजेड कोणता, मोजायची रीत कोणती आणि चौकटीबाहेरचा रंग आत कसा ओढला, यावर आकडा बदलतो.

माझा क्रम असा असतो. संस्थेनं लिहून ठेवलेला कोड असेल तर तो पहिला. नसेल तर पँटोनची आजची यादी. तीही हाताशी नसेल तर सॉफ्टवेअरमधली यादी, पण मग सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवतो. "फुकट कन्व्हर्टर" म्हणून मिरवणाऱ्या साइटवरचा आकडा मी एकटा कधीच वापरत नाही. त्यानं कुठल्या काळातली यादी उचलली आहे, हे बहुतेकदा तिथं लिहिलेलंच नसतं.

शाईचा नंबर ठरलेला आणि स्क्रीनचा कोड मुद्दाम वेगळा, असं खरंच कुणी करतं का?

करतात, आणि अगदी उघडपणे. युरोपियन संघाचा झेंडा हे माझं आवडतं उदाहरण आहे. त्यांच्या अधिकृत नियमांत निळ्या पार्श्वभूमीसाठी पँटोन रिफ्लेक्स ब्लू आणि ताऱ्यांसाठी पँटोन यलो लिहिलं आहे. फोर कलरमध्ये, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांत (सीएमवायके) छापायचं असेल, तर निळ्यासाठी १०० टक्के सायन आणि ८० टक्के मॅजेंटा. इंटरनेटसाठी निळा ०-५१-१५३ आणि पिवळा २५५-२०४-०.

आता पँटोनची यादी काढा. तिथं रिफ्लेक्स ब्लू सी चा कोड ०-२०-१३७ आहे. हेक्समध्ये, म्हणजे त्याच कोडाच्या दुसऱ्या लिखाणात (ते पुढं सांगितलं आहे), लिहिला तर ००१४८९. युरोपियन संघाचा ००३३९९. दोन्ही स्क्रीनवर शेजारी लावले तर संघाचा निळा बराच उजळ दिसतो. त्यातले ००, ३३, ९९ हे टप्पे जुन्या काळच्या २१६ वेब-रंगांच्या पटातले आहेत, जेव्हा कमी रंग दाखवणाऱ्या मॉनिटरवर तेवढेच रंग भरवशाचे होते. संघानं त्या पटातला एक रंग निवडला, लिहून ठेवला आणि तो बदलला नाही. आज तो कोड पाहताक्षणी झेंडा ओळखू येतो. नंबराशी काटेकोर जुळण्यापेक्षा वर्षानुवर्षं टिकलेला हा एकसारखेपणा मला जास्त मोलाचा वाटतो.

आमच्याकडे सीएमवायके टक्के आहेत. त्यावरून सूत्रानं आरजीबी काढू का?

नेटवर एक सोपं सूत्र फिरतं, शंभरातून सायनचे टक्के वजा करा आणि उरलेले टक्के २५५ चे काढा की लाल मिळाला. मॅजेंटावरून हिरवा, पिवळ्यावरून निळा तसाच. वरच्याच झेंड्यावर लावून बघू. सायन १००, म्हणून लाल ०. मॅजेंटा ८०, म्हणून हिरवा ५१. पिवळा ०, म्हणून निळा २५५. उत्तर आलं ०-५१-२५५, डोळ्यात खुपणारा, लखलखीत निळा. संघाचा अधिकृत आकडा आहे ०-५१-१५३. शेवटच्या एका आकड्यात १०२ चा फरक पडला.

कारण सरळ आहे. हे सूत्र धरून चालतं की सायन शाई फक्त लाल प्रकाश गिळते आणि बाकीच्याला हातही लावत नाही. अशी शाई प्रत्यक्षात नसते. सायन थोडा हिरवाही खातो, मॅजेंटा निळ्याचाही बराच भाग खातो. म्हणून एकावर एक छापलं की रंग सूत्रापेक्षा काळवंडतो. टक्क्यांवरून कोड काढायचाच असेल तर सॉफ्टवेअरमध्ये छपाईचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या छपाईत कोणते टक्के कसे दिसतात याची नोंद असलेली फाइल, लावून काढा. आणि मूळ शेड पँटोनची असेल तर टक्क्यांच्या वाटेला जाऊच नका. पँटोनवरून सीएमवायके आणि त्यावरून आरजीबी असं केलंत तर दोन वेळा घट सोसावी लागते.

मग गणितानं बरोबर रस्ता कोणता?

लॅबचा. लॅब ही रंग मोजायची पट्टी आहे, १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं ठरवलेली. तिच्यातला पहिला आकडा उजळपणाचा, ० ते १००. दुसरा हिरव्याकडून लालकडे, तिसरा निळ्याकडून पिवळ्याकडे. हे आकडे डोळ्याला काय दिसतं यावर बेतलेले आहेत, म्हणून शाई आणि स्क्रीन यांच्यामध्ये ते दुभाष्याचं काम करतात. छापलेल्या पट्टीवर स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजायचं यंत्र, ठेवलं की लॅब मिळतं.

पुढं चार पायऱ्या. लॅबवरून एक्सवायझेड, म्हणजे रंगाची तीन मूळ मोजमापं, काढायची, डी ५० चा पांढरा धरून, म्हणजे ०.९६४२, १, ०.८२४९. तो पांढरा डी ६५ कडे सरकवायचा, म्हणजे ०.९५०५, १, १.०८९० कडे. यासाठी ब्रॅडफर्ड नावाची पद्धत सर्रास वापरतात. मग एसआरजीबीच्या तक्त्यानं गुणून लाल-हिरवा-निळा काढायचा. शेवटी गॅमा लावायचा, कारण स्क्रीनचे आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात चालत नाहीत. १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा असला तरी त्याचा प्रकाश जेमतेम एक पंचमांशाच्या आसपास असतो.

हे सगळं सॉफ्टवेअर क्षणात करतं. माणसाचं काम नंतर सुरू होतं. एखादा आकडा शून्याखाली किंवा २५५ च्या वर गेला, तर रंग चौकटीबाहेर आहे. तो कसा आत आणायचा? सरळ कापला तर छटा सरकते, नारिंगी लालसर किंवा पिवळट होऊ शकतो. छटा राखली तर झळाळी कमी होते. मी बहुतेक वेळा छटा राखतो. ग्राहकाला आपला रंग थोडा मंद झालेला चालतो, पण "हा आमचा नाहीच" असं वाटलेलं चालत नाही.

कोणत्या शेड हमखास फसवतात?

ऑरेंज ०२१ सगळ्यात आधी. कागदावर ती पेटलेली दिसते. तिचा कोड २५४-८०-०. लाल छताला टेकला आहे आणि निळा जमिनीला. कोडात असे ० आणि २५५ च्या जवळचे आकडे दिसले की शंका घ्यावी, मूळ रंग बहुधा चौकटीच्या बाहेर आहे आणि हा त्याचा आत मावलेला भाग आहे.

निऑन शेड, म्हणजे ८०१ ते ८०७. यांच्या शाईत डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण घेऊन दिसणारा प्रकाश परत फेकणारं द्रव्य असतं. म्हणून शेजारच्या पांढऱ्या कागदापेक्षाही त्या उजळ वाटतात. ८०६ चा कोड २५५-६२-१८१ आहे. स्क्रीनवर तो छान गुलाबी दिसतो, पण कागदावरची ती अंगावर येणारी चमक त्यात नाही.

सोनेरी आणि चंदेरी हा तर वेगळाच विषय. ८७१ म्हणजे सोनेरी, ८७७ म्हणजे चंदेरी. यांच्यात धातूची भुकटी असते. कागद हलवला की चमक सरकते, आणि सोनं आपण त्या सरकण्यावरूनच ओळखतो. स्क्रीनला एकच स्थिर कोड देता येतो. ८७१ साठी तो १३२-११७-७८ आहे. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला हा कोड लावला तर गणपती मातकट खाकी दिसतो, आणि मग घरची मंडळी माझ्यावर नाराज होतात. सोनेरीसाठी यादीतला आकडा बाजूला ठेवा आणि डोळ्याला सोन्यासारखा भासेल असा थोडा उजळ, पिवळट सपाट रंग निवडून तो लिहून ठेवा. पत्रिकेच्या मोठ्या चित्रात फिक्या-गडद छटांनी चमक आणता येते. लहान आयकॉनमध्ये मात्र त्या छटांचा चिखल होतो.

रिफ्लेक्स ब्लूबद्दल छपाईचीही एक सूचना. ही शाई वाळायला वेळ घेते, घासली की डाग देते आणि वार्निश चढवल्यावर छटा बदलू शकते. लोगोत ती असेल तर प्रेसला घाई करू नका.

हेक्स आणि आरजीबी वेगळे आहेत का?

एकच आकडा, लिहायची रीत वेगळी. हेक्समध्ये सोळाच्या पटीत मोजतात. ० ते ९ झाल्यावर दहासाठी ए, मग पंधरासाठी एफ पर्यंत. २०० म्हणजे १२ गुणिले १६ अधिक ८, म्हणून सी८. १८६ चा पूर्ण हेक्स सी८१०२ई. टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही रोमन लिपीत आणि सुरुवातीला हॅशचं चिन्ह द्या, नाहीतर ब्राउझर ओळखणार नाही.

फोटोशॉपमध्ये जुनी फाइल उघडली आणि लोगो काळा दिसला. फाइल बिघडली का?

बहुधा नाही. २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून बहुतेक पँटोन याद्या काढल्या गेल्या आणि त्या वापरायला पँटोन कनेक्टचं वेगळं शुल्क आलं. यादी न सापडल्यानं जुन्या फाइलमधले ते भाग काळे दिसू लागले. किती डिझायनरांची त्या महिन्यात झोप उडाली, हे मी फोनवरूनच अनुभवलं.

यातून एक सवय लावून घ्या. स्पॉट कलरची, म्हणजे पँटोनसारखी तयार मिसळलेली शाई वापरणारी, फाइल ठेवताना तिच्यासोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पँटोन नंबर, लॅबचे तीन आकडे आणि आरजीबी कोड लिहून ठेवा. लॅबचे आकडे हाताशी असले की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शेड पुन्हा उभी करता येते. कोरलड्रॉवर काम करणाऱ्यांनीही हे करावं. आपल्याकडच्या बहुतेक प्रेसमध्ये कोरलच चालतं, पण वेबवाल्याकडे ते नसतं. कोरलमधून एक्सपोर्ट करताना जेपीजी सीएमवायकेमध्ये राहिला, तर तो काही ठिकाणी विचित्र भडक दिसतो. स्क्रीनसाठी काढताना एसआरजीबी निवडला आहे का, हे दर वेळी पाहा.

शेडबुकचा मोबाइलवर फोटो काढून रंग उचलला तर?

कृपया नको. मोबाइल पांढरा रंग स्वतःच्या अंदाजानं ठरवतो आणि त्यावरून सगळे रंग ढकलतो. पिवळ्या बल्बखाली आणि खिडकीपाशी काढलेल्या फोटोंतून त्याच पट्टीचे दोन वेगळे कोड मिळतील. स्कॅनर थोडा बरा, पण त्याचा दिवा आणि त्याची नजर आपल्यासारखी नसते. हातात नुसता छापील नमुना असेल आणि नंबर माहीत नसेल, तर चांगल्या शेडबुकशी उजेडात जुळवून आधी नंबर शोधा आणि मग नंबरावरून कोड काढा.

माझ्या स्क्रीनवर बरोबर आहे, साहेबांच्या मोबाइलवर वेगळाच दिसतो. कोड चुकला का?

कोड तोच आहे, दाखवणारी काच वेगळी आहे. कित्येक मोबाइल घेतानाच "व्हिव्हिड" मोडवर असतात, त्यात रंग मुद्दाम चढवलेले असतात. रात्रीचा मोड चालू असेल तर सगळं पिवळट होतं. साहेबांना मोबाइलचा डिस्प्ले "नॅचरल" करून, ब्राइटनेस मध्यम ठेवून पाहायला सांगा. तरीही फरक राहणार. त्या फरकामागं धावून कोड बदलू नका, नाहीतर उद्या दुसऱ्या साहेबांचा मोबाइल येईल.

स्क्रीनचा कोड आहे, त्यावरून पँटोन नंबर काढायचा आहे.

सॉफ्टवेअर जवळचा नंबर देईल, पण "जवळचा" म्हणजे किती जवळचा ते विचारा. हा फरक डेल्टा ई मध्ये मोजतात. तो १ च्या आसपास असेल तर सरावलेल्या नजरेलाच कळतो, ५-६ झाला की कुणालाही कळतो. ०-०-२५५ सारखा शुद्ध स्क्रीन निळा किंवा ०-२५५-० सारखा हिरवा दिलात, तर फरक यापेक्षाही कितीतरी मोठा येईल, कारण तशी शाईच नाही. नवीन लोगो करत असाल तर आधी शेडबुकातून शाई निवडा आणि मग तिचा कोड ठरवा. हे मी प्रत्येक नव्या डिझायनरला आवर्जून सांगतो. स्क्रीनवर निवडलेला रंग कागदावर उतरवताना होणारी निराशा त्यानं टळते.

तिरंग्याचा अधिकृत कोड कोणता?

पंधरा ऑगस्टच्या आधी हा फोन हमखास येतो. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १ हे मानक खादीच्या झेंड्यासाठी आहे. त्यात रंग पँटोन नंबरात किंवा स्क्रीन कोडात दिलेले नाहीत, ते प्रकाश आयोगाच्या मोजमापात दिले आहेत. केशरीसाठी एक्स ०.५३८, वाय ०.३६० आणि उजळपणा २१.५. हिरव्यासाठी ०.२८८, ०.३९५ आणि ८.९. पांढऱ्याचा उजळपणा ७२.६. उजेड धरला आहे सी नावाचा, डी ६५ च्या बराच जवळचा.

नेटवर सर्वत्र केशरी २५५-१५३-५१, हिरवा १९-१३६-८ आणि चक्र ०-०-१२८ फिरतात. मी मानकातला केशरी, कापडाचा पांढरा हाच पूर्ण पांढरा धरून, स्क्रीनच्या कोडात उतरवून पाहिला. तो साधारण २४३-१०६-६० येतो, म्हणजे नेटवरच्या केशरीपेक्षा स्पष्ट लालसर. शेडबुकात त्याच्या जवळची शेड पँटोन १६५ सी, २५५-१०३-३१. पोस्टर करताना मी हाच लालसर केशरी घेतो, खादीचा झेंडा डोळ्यासमोर ठेवला की तोच बरोबर वाटतो.

उलट पद्धतीचं उदाहरण स्कॉटलंडचं. तिथल्या संसदेच्या समितीनं २००३ मध्ये झेंड्याच्या निळ्यासाठी थेट पँटोन ३०० ची शिफारस केली. त्याचा कोड ०-९४-१८४.

कोड मिळाला. वेबसाइटवरची अक्षरंही त्याच रंगात करू का?

आधी वाचता येतात का बघा. वेबच्या सुलभतेच्या नियमांनुसार साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा विरोध (कॉन्ट्रास्ट) लागतो. १८६ चा लाल पांढऱ्यावर ५.९ च्या आसपास येतो, चालेल. ऑरेंज ०२१ जेमतेम ३.३, बारीक अक्षरांना चालणार नाही. २५५-२०४-० चा पिवळा दीडच्या आसपास, म्हणजे आजोबांना काहीच दिसणार नाही. अशा शेड पट्टीला, बटणाला ठेवा आणि मजकूर काळा करा.

लोगोत त्याच शाईचा ५० टक्के टिंट, म्हणजे ठिपक्यांनी छापलेली फिकी छटा, आहे. कोड निम्मा करू?

नको. कागदावर ५० टक्क्यांचा ठिपका फुगतो, त्यामुळे छापलेला टिंट निम्म्यापेक्षा गडद दिसतो. छापील नमुना समोर ठेवून मूळ कोड आणि पांढरा यांच्या मधोमध येणाऱ्या रंगापेक्षा थोडा गडद कोड निवडा.

ऑफिसच्या पाटीसाठी आणि शटरसाठी पेंट घ्यायचा आहे. पँटोन नंबर चालेल?

पेंटवाल्याकडे पँटोन नंबर नेऊ नका. लोखंडी कामाला, पावडर कोटिंगला आरएएल नंबर चालतात. ती जर्मन पद्धत १९२७ मध्ये ४० रंगांनी सुरू झाली. छापलेला नमुना घेऊन जा आणि कार्डावरचा जवळचा रंग दिवसाउजेडी निवडा.

शेडबुक किती वर्षं वापरता येतं?

पँटोन ती नियमित बदलायला सांगतं, कारण कागद पिवळा पडतो, शाई फिकट होते आणि हाताचा घाम लागतो. परवडत नसेल तर निदान पुस्तक बंद, अंधारात आणि कोरड्या जागी ठेवा. आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच.

एका पतसंस्थेचं काम करताना मला याचा अनुभव आला. त्यांच्याकडे लोगोच्या हिरव्याचा नंबर कुणालाच माहीत नव्हता. जुनी लेटरहेडं उन्हाच्या कपाटात राहून पिवळी पडलेली. मग तिथल्या निवृत्तीला आलेल्या लिपिक काकांनी एक जुनं रजिस्टर काढलं. पहिल्या छपाईच्या वेळी प्रेसनं दिलेला शाईचा नमुना त्यांनी आतल्या पानावर चिकटवला होता, वर पातळ कागद लावून. शेजारी पेनानं तारीख, कागदाचं नाव आणि प्रेसवाल्याची सही. आम्ही रजिस्टर घेऊन दारात आलो, नवं शेडबुक शेजारी धरलं आणि दहाएक मिनिटांत ३४८ यू वर बोट ठेवलं. कागद मॅपलिथो होता, तेही काकांनी लिहून ठेवलेलं होतं. त्या दिवशी ठरलेला स्क्रीनचा कोड त्यांनी त्याच पानावर, नमुन्याच्या खाली, तारखेसकट लिहिला.